नळीवर नसलेलं नाव

या अंकाचा विषय ‘कारागीर’ ठरला, तेव्हा मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी भराभर नावं घेतली. कुणी कुंभारांवर लिहिणार होतं, कुणी पैठणी विणणाऱ्यांवर, एकाला वसईच्या होड्या बांधणारे सुतार हवे होते. मी म्हटलं, मी बंदुका बनवणाऱ्या एका माणसाचं चरित्र लिहिते. क्षणभर सगळे गप्प झाले आणि मग चर्चा पुढे सरकली. आमच्या घरी रोज संध्याकाळी जपमाळ होते, कॉलेजात दर शुक्रवारी आपण चॅपलमध्ये शांतीसाठी प्रार्थना करतो, मग हिला हा विषय कुठून सुचला, असं कुणी तोंडावर विचारलं नाही. पण विचारायचं होतं, हे मला कळलं. हा लेख म्हणजे त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. पूर्ण नाही, जमलं तेवढं.

सुरुवात देवासपासून करते, कारण माझ्यासाठी ती तिथेच झाली. देवास हे माझ्या आईचं माहेर. माळव्यातल्या या गावात एकेकाळी एकाच वेळी दोन राज्यं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्ही पवारांची. जवळच्या धारलाही पवारच. इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यांना देवास माहीत असतं ते ई. एम. फॉर्स्टरमुळे; तो १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव होता. आमच्या घराण्याची गोष्ट एवढी मोठी नाही. माझे पणजोबा वसईहून धारला गेले ते क्लॅरिनेट वाजवायला, असं घरात सांगतात. संस्थानांना बँड लागायचे आणि नोटेशन वाचणारे वादक बऱ्याचदा आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांतून मिळायचे. कुठल्याशा जहागीरदाराच्या मुलीच्या लग्नात पणजोबांनी तीन रात्री वाजवलं आणि बिदागी म्हणून पैशांऐवजी त्यांना एक रायफल मिळाली. खरं-खोटं देव जाणे. पण रायफल खरी होती. ती धारहून देवासला आली, पणजोबांकडून आजोबांकडे आली, आणि आजोबांनी नोटांच्या छापखान्यात आयुष्यभर नोकरी करत ती सांभाळली.

मी लहान असताना मे महिन्यात देवासला गेले की एक दुपार त्या रायफलीची असायची. आजोबा वर्तमानपत्र पसरायचे, आतल्या कपाटातून ती काढायचे, रिकामी असल्याची दोनदा खात्री करायचे आणि मगच आम्हा मुलांना जवळ येऊ द्यायचे. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. ती आखूड होती, हलकी होती, आणि चापाच्या भोवती लोखंडी कडी होती. ही कडी खाली ओढली की वरचा भाग मागे सरकायचा, घोडा चढायचा. कडी परत वर घेतली की सगळं जागेवर यायचं. खळ्ळ-खट्. आजोबांनी तिच्यात बरंच काही सुधारून घेतलं होतं. मूळचा दस्ता तडकला होता, म्हणून एका सुताराकडून शिसवीचा नवा बनवून घेतला होता. नळीखालच्या नळीत काडतुसं पुढे-मागे ढकलणारी स्प्रिंग मेली होती, ती इंदूरहून बदलून आणली होती. कडी अडखळायची तिथे तेल घालून, पुसून, पुन्हा तेल घालून त्यांनी ती अशी मऊ केली होती की दोन बोटांनी हलावी. काडतूस मात्र घरात एकही नव्हतं. आजोबांनी ती माझ्यासमोर कधीच झाडली नाही. निवडणूक आली की परवानाधारकांना हत्यारं जमा करावी लागतात. तेवढ्यापुरती ती रिक्षात बसून पोलीस ठाण्यात जायची आणि निकालानंतर परत यायची. आजोबा म्हणायचे की या घरातला सगळ्यात नेमाने मतदान करणारा सदस्य हाच.

गेल्या आगमनकाळात आजोबा गेले. महिन्याच्या मिस्सेनंतर मामा म्हणाला की परवाना आजोबांच्या नावावर होता, आता रायफल जमा करावी लागेल, मग वारस म्हणून आपल्या नावावर घ्यायची की नाही ते ठरवू. मी त्याच्याबरोबर गेले. ठाण्यात नोंदवहीत एक रकाना होता, बनवणाऱ्याचं नाव. हवालदारसाहेबांनी रायफल उजेडात धरली आणि नळीवरचं बारीक इंग्रजी वाचायला माझ्याकडे दिली. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हात लावला. नळीवर कंपनीचं नाव होतं, विंचेस्टर. गावाचं नाव होतं, न्यू हेवन. आणि एक तारीख होती, १४ ऑक्टोबर १८८४. रकान्यात विंचेस्टर लिहिलं गेलं, शिक्का बसला, पावती मिळाली.

मला ती तारीख काही सोडेना. पुढे शोधल्यावर कळलं की आमची रायफल १८९२ च्या मॉडेलची आहे, आणि १८८४ ची ती तारीख आहे पेटंटची. हे पेटंट मिळालं होतं युटामधल्या दोन भावांना. थोरल्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. म्हणजे बनवणाऱ्याच्या रकान्यात जे नाव जायला हवं होतं, ते नळीवर कुठेच नव्हतं. नाव विकत घेणाऱ्याचं होतं, घडवणाऱ्याची फक्त तारीख होती.

जॉन ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पलीकडे युटातल्या ऑग्डेन गावी. वडील जोनाथन हे बंदुकांचे लोहार. मूळचे टेनेसीचे. ते मॉर्मन पंथात गेले, आणि त्या काळी त्या पंथाच्या लोकांना एका गावातून दुसऱ्या गावात हुसकावलं जात होतं. पश्चिमेकडे निघालेल्या आपल्या माणसांसाठी बंदुका बनवत बनवत जोनाथन १८५२ साली युटाला पोचले. पंथात तेव्हा अनेक लग्नांची चाल होती. त्यांनी तीन केली आणि त्यांना बावीस मुलं झाली. त्यांच्या हातातही कला होती. बंदूक एका गोळीनंतर पुन्हा भरत बसायला लागू नये म्हणून त्यांनी आडव्या सरकत्या पट्टीत एकेक गोळी बसवायची युक्ती फार आधी काढली होती. पण तिचं त्यांना ना पेटंट मिळालं ना पैसा.

जॉन या दुकानातच वाढला. दहा वर्षांचा असताना वडील बाहेर गेलेले पाहून त्याने भंगारातली एक नळी घेतली, ती फळीला तारेने आवळली आणि धाकट्या मॅटला बरोबर घेऊन रानात पक्षी मारून आणले. वडिलांनी ती बंदूक पाहिली, मारलं नाही, रागावलेही नाहीत. याहून बरी करता आली नाही का, एवढंच विचारलं, असं त्या घराण्यात सांगत आले. मला ही गोष्ट खरी वाटते, कारण पुढचं सगळं आयुष्य तो जणू याच प्रश्नाचं उत्तर देत राहिला. शाळा पंधराव्या वर्षाच्या आसपास सुटली. तांत्रिक शिक्षण त्याला मिळालंच नाही. तो फारसे नकाशे काढायचा नाही. यंत्र आधी डोक्यात पूर्ण चालवून बघायचा, मग पत्र्याचे साचे कापायचा आणि कानस घेऊन बसायचा.

१८७९ हे त्याच्या आयुष्यातलं भरगच्च वर्ष. एप्रिलमध्ये रेचल नावाच्या मुलीशी लग्न झालं, जूनमध्ये वडील वारले आणि ७ ऑक्टोबरला पहिलं पेटंट मिळालं, एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या भक्कम रायफलीचं. भावांनी मिळून ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना घातला. त्या रायफलींपैकी एक वापरलेली रायफल फिरत फिरत विंचेस्टर कंपनीच्या एका विक्रेत्याच्या हाती लागली. ती न्यू हेवनला पोचली, आणि १८८३ साली कंपनीचे उपाध्यक्ष टी. जी. बेनेट स्वतः आगगाडीने अर्धी अमेरिका ओलांडून ऑग्डेनला आले. पाहतात तर एका आडगावात चार-सहा भाऊ आणि एक साधं दुकान. बेनेटनी ८,००० डॉलरला हक्क विकत घेतले. इथून एकोणीस वर्षांचा व्यवहार सुरू झाला: ब्राउनिंगने नमुने न्यायचे, विंचेस्टरने एकरकमी पैसे देऊन ते आपले करायचे. चाळीसच्या वर नमुने कंपनीने घेतले आणि त्यातले जेमतेम दहा बनवले. बाकीचे का घेतले, तर दुसऱ्या कुणाला मिळू नयेत म्हणून.

आता आमच्या रायफलीच्या जातीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर त्याने केलं काय ते कळणार नाही. ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा शर्टांचा कारखानदार. बंदुकीतलं त्याला काही कळत नव्हतं, पण माणसं ओळखता येत होती. त्याच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० मध्ये तरफेवर चालणारी रायफल बनवली, जिच्या नळीत सोळा काडतुसं मावायची. पुढे १८६६ चं पितळी पोटाचं मॉडेल आलं आणि मग १८७३ चं. १८७३ च्या रायफलीबरोबर जे काडतूस आलं त्याला ४४-४० म्हणतात: गोळीची जाडी सुमारे ०.४४ इंच, आत ४० ग्रेन काळी दारू. काडतूस आखूड, पिस्तुलाला शोभेल असं. १८७८ मध्ये कोल्ट कंपनीने आपलं रिव्हॉल्व्हरही याच काडतुसासाठी काढलं. मग काय, कमरेला रिव्हॉल्व्हर, खोगिराला रायफल आणि पट्ट्यात एकाच जातीची काडतुसं. घोड्यावरून दिवसेंदिवस फिरणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काही नव्हतं.

पण १८७३ च्या रायफलीत एक कमजोरी होती. गोळी सुटताना मागे बसणारा धक्का जो अडसर रोखतो, तो तिच्यात कोपरासारख्या सांध्यांवर टेकलेला होता. आपला हात सरळ ताणून भिंतीला टेकवला की जोर सहन होतो, जरा वाकला की मुडपतो, तसंच. पिस्तुलाच्या काडतुसाला हे चालून जायचं. मोठ्या काडतुसाला नाही. ब्राउनिंगने सांधेच काढून टाकले. त्यांच्याऐवजी पोलादाच्या दोन उभ्या पट्ट्या बसवल्या. कडी वर घेतली की त्या दाराच्या कड्यांसारख्या अडसराच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत चढतात, खाली घेतली की उतरतात. हेच ते १४ ऑक्टोबर १८८४ चं पेटंट. त्यातून १८८६ चं मोठं मॉडेल निघालं.

यानंतर त्याच्या आयुष्यात एक अशी गोष्ट आहे जी मला कुणी सांगितली नसती तर खरी वाटली नसती. १८८७ मध्ये, धंदा ऐन भरात असताना, त्याने कानस खाली ठेवली आणि पंथाच्या नियमाप्रमाणे दोन वर्षं धर्मप्रचारासाठी जॉर्जियात गेला. गावोगाव पायी, लोकांची बोलणी खात. तिथे एका दुकानाच्या खिडकीत त्याला एक नवीकोरी तरफेची शॉटगन दिसली, विंचेस्टरची, त्यानेच निघण्यापूर्वी दिलेल्या नमुन्यावरून बनलेली. तो आत गेला, हातात घेऊन चालवून पाहू लागला. ही यानेच शोधून काढली आहे, असं सोबत्याने सांगितलं, पण धुळीने भरलेल्या कपड्यांतल्या त्या प्रचारकाकडे बघून दुकानदाराचा काही विश्वास बसला नाही, असं म्हणतात. बसणार कसा? बंदुकीवर नाव तर दुसऱ्याचंच होतं.

१८८९ मध्ये तो परतला. त्याच वर्षी नेमबाजीच्या एका सामन्यात मित्र गोळ्या झाडत होता आणि ब्राउनिंग नळीच्या पुढचं गवत पाहत होता. प्रत्येक बाराबरोबर गवत झुकत होतं, वाऱ्याने झोडपल्यासारखं. शेकडो नेमबाजांनी ते गवत पाहिलं असेल. याला त्यात वाया जाणारी शक्ती दिसली. दुकानात येऊन त्याने भोक पाडलेला लोखंडी ठोकळा नळीच्या तोंडाशी ठेवून गोळी झाडली. ठोकळा उडून पडला. मग त्याने एक १८७३ ची विंचेस्टर घेतली, आमच्या रायफलीची थोरली बहीण, तीच ४४ ची. तिच्या तोंडाशी एक झडप बसवली आणि झडपेपासून कडीपर्यंत एक दांडा जोडला. गोळी सुटली की मागोमाग आलेला वायू झडपेला ढकलायचा, झडप दांड्याला, दांडा कडीला. कडी आपोआप खाली-वर. माणसाने फक्त चाप धरून ठेवायचा. पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी, गुराख्यांची ती साधी रायफल, दिवसाभरात एकटी झाडणारी बंदूक झाली. १८९० च्या जानेवारीत त्याने पेटंटसाठी अर्ज केला, आणि त्यातून १८९५ ची कोल्ट मशीनगन जन्मली.

इथे मी वाचताना थांबले. आजोबांची खळ्ळ-खट् आठवली. त्या रायफलीत एका गोळीनंतर दुसरी गोळी आपोआप येत नाही. हात पुढे न्यावा लागतो, परत आणावा लागतो. जेमतेम एक सेकंद. पण तो सेकंद माणसाचा असतो. तेवढ्यात समोरचा पडलेला दिसू शकतो, स्वतःचा श्वास ऐकू येऊ शकतो, नको असं वाटू शकतं. ब्राउनिंगने काढून टाकला तो नेमका हा सेकंद. त्याने तो दुष्टपणाने काढला, असं मला दिसत नाही. कारागिराला वाया जाणारी शक्ती बघवत नाही, एवढंच. पण तो काढला गेला, हेही खरं.

मजा म्हणजे आमची रायफल याच्या नंतरची आहे. मार्लिन कंपनी हलक्या रायफलींच्या बाजारात पुढे जात होती. बेनेटना १८८६ च्या भक्कम रायफलीची छोटी बहीण हवी होती, ४४-४० सारखी आखूड काडतुसं घेणारी. तीन महिन्यांत दिली तर १०,००० डॉलर, दोन महिन्यांत दिली तर १५,००० असा त्यांचा देकार होता, असं सांगतात. ब्राउनिंगने तीस दिवसांचा शब्द दिला, २०,००० मागितले, आणि उशीर झाला तर फुकट. नमुना तीस दिवसांच्या आत पोचला. तीच १८९२ ची रायफल. ४४-४०, ३८-४० आणि ३२-२० या तिन्ही काडतुसांत ती निघाली आणि दहा लाखांवर बनली. जुन्या हॉलिवूड चित्रपटांत १८७० च्या दशकातले गुराखी जी रायफल गरागरा फिरवतात, ती बऱ्याचदा हीच असते, म्हणजे तेव्हा जन्मलेलीच नसलेली. १८९४ मध्ये त्याने हिच्याही पुढची, धूर न करणाऱ्या दारूला पेलणारी रायफल दिली. ती तर सत्तर लाखांवर गेली.

विंचेस्टरशी फाटलं ते १९०२ मध्ये. आपोआप भरणाऱ्या शॉटगनसाठी ब्राउनिंगने एकरकमी पैशांऐवजी प्रत्येक बंदुकीमागे हिस्सा मागितला. बेनेटनी नकार दिला. ब्राउनिंग नमुना उचलून रेमिंग्टनकडे गेला. ८ जानेवारीला तो बाहेर बसून वाट पाहत असताना आत त्यांचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली हृदयविकाराने वारले. मग तो आगबोटीने बेल्जियमला, लिएजच्या एफएन कारखान्यात गेला. तिथे त्याची पिस्तुलं आधीच बनत होती, आणि त्यांवर त्याचं नाव होतं. बेल्जियममध्ये तर ब्राउनिंग म्हणजेच पिस्तूल असं समीकरण झालं.

नाव मिळालं, पण नावाबरोबर हिशेबही येतो. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होमध्ये गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर आणि त्याच्या पत्नीवर जे पिस्तूल झाडलं, ते एफएनचं १९१० चं मॉडेल होतं, ब्राउनिंगच्या डोक्यातून निघालेलं. पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलो. महायुद्धाची पहिली झळ ज्यांना लागली त्यांत लिएजही होतं. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य त्याच गावावरून गेलं. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा ब्राउनिंगची मशीनगन चाचणीला ठेवली गेली. तिने वीस हजार गोळ्या झाडल्या, न अडता. पुन्हा वीस हजार. कुणाला संशय येऊ नये म्हणून त्याने दुसरी बंदूक लावली, ती अठ्ठेचाळीस मिनिटं सलग चालली. सरकारने देऊ केलेली साडेसात लाख डॉलरची रक्कम त्याने घासाघीस न करता घेतली. हिस्सा मागितला असता तर कितीतरी पट मिळाले असते. ज्याने विंचेस्टरशी हिश्श्यावरून फारकत घेतली, त्यानेच युद्धात हिस्सा सोडला. त्याचा मुलगा व्हॅल फ्रान्समध्ये बापानेच बनवलेली स्वयंचलित रायफल घेऊन लढत होता. बापाला त्या दिवसांत झोप कशी लागत असेल, मला माहीत नाही. त्याने आत्मचरित्र लिहिलं नाही. त्याने मागे ठेवली ती १२८ पेटंटं.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजच्या कारखान्यात, एका नव्या पिस्तुलाचं काम चालू असताना त्याला बरं वाटेनासं झालं. मुलाच्या खोलीत नेलं, आणि तिथेच हृदय थांबलं. वय एकाहत्तर. देह समुद्रापार ऑग्डेनला नेऊन पुरला. ते अर्धवट पिस्तूल द्यूदोने सेव्ह नावाच्या बेल्जियन कारागिराने पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये ते बाजारात आलं. त्याचीच भारतीय आवृत्ती इशापूरच्या रायफल कारखान्यात बनते आणि आपल्या पोलिसांच्या कमरेला असते. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या ३२ बोअरच्या पिस्तुलाचं काडतूसही त्याचंच. म्हणजे ज्या ठाण्यात बनवणाऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं गेलं नाही, त्याच ठाण्यात तो बहुधा आधीपासून हजर होता.

आता बैठकीतला प्रश्न. बंदूक बनवणारा दोषी की चालवणारा? सोपं उत्तर असं की वस्तू निर्जीव असते, दोष हाताचा. मला ते पुरेसं वाटत नाही, पण त्यात काहीच नाही असंही म्हणवत नाही. कारण मी देवासची आहे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी देवास जिल्ह्यातल्या उदयनगरकडच्या रस्त्यावर, भर बसमध्ये, सिस्टर राणी मरिया यांना सुऱ्याने भोसकून मारलं. गरीब आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवायला त्या मदत करत होत्या. सुरा कुठल्या लोहाराने बनवला, कुणी विचारलं नाही. मारणाऱ्याला मात्र सिस्टरांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये सिस्टर राणी मरियांना ‘धन्य’ घोषित केलं, तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि आजोबांचा हात धरून त्या गर्दीत उभी होते. परत येताना आजोबा बसमध्ये काही बोलले नाहीत. मात्र त्या डिसेंबरात, वर्तमानपत्र पसरून, त्यांनी रायफलीला तेल घातलं नाही. पुढच्या मे महिन्यात पुन्हा घातलं. तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं.

सुरा भाजीही चिरतो. रायफल भाजी चिरत नाही. म्हणून बनवणाऱ्यावर काही ना काही येतंच, असं मला वाटतं. आणि तरी, धार्मिक, घरकोंबडा, प्रचारासाठी दोन वर्षं पायी हिंडलेला, पोरांवर जीव असलेला तो माणूस राक्षस नव्हता. तो फार चांगला कारागीर होता. आपण या अंकात कारागिरीचं कौतुक करतो आहोत, ते योग्यच आहे. पण हातात कला आहे म्हणजे हातून होणारं सगळं आपोआप चांगलं होतं, असं नाही. हे एका कवितेबद्दलही म्हणता येईल, आपण तर साहित्यवाले आहोत.

फेब्रुवारीत मामाचा फोन आला. परवान्यासाठी अर्ज करू का, असं तो मला विचारत होता. मलाच का, तर नळीवरचं मी वाचलं होतं म्हणून. मी म्हटलं, करू नकोस. शिसवीचा तो दस्ता आठवून जरा जड गेलं, पण म्हटलं. मामा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की त्यालाही तसंच वाटत होतं, पण कुणीतरी म्हणायला हवं होतं. रायफल आता परवानाधारक विक्रेत्यामार्फत जाईल, कुठे ते आम्हाला कळेलच असं नाही.

गेल्या सुट्टीत आम्ही धारला गेलो होतो. लाट मशिदीपाशी त्या प्रचंड लोखंडी खांबाचे तीन तुकडे ठेवले आहेत. जोडले तर तेरा मीटरच्या वर भरतील. खांब राजा भोजाचा, असं लोक म्हणतात. एवढं लोखंड ज्याने तापवलं, जोडलं, ठोकलं, त्या लोहाराचं नाव कुणाला माहीत नाही. मामाने खांबावर हात ठेवला आणि सवयीने बोट फिरवलं, कुठे काही कोरलंय का ते बघायला. मी त्याला म्हटलं, शोधू नकोस. मग माझंही बोट फिरलंच.